लहानूची आरोळी

सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात लहानू खोब्रागडे राखणदार होता, आणि त्याच्या आवाजाबद्दल गावात दोन मतं होती. एक मत असं, की तो आवाज माणसाचा नाही. दुसरं मत असं, की तो माणसाचाच आहे, पण त्या माणसाचा पाय बैलगाडीच्या चाकाखाली सापडलेला आहे.

यात लहानूचा दोष नव्हता, नोकरीचा होता. केंद्रातलं शेत म्हणजे तुमच्याआमच्यासारखं शेत नव्हे. खोलीएवढे लहान लहान वाफे, प्रत्येकात धानाचं वेगळं वाण, आणि प्रत्येकाच्या डोक्याशी पाटी. चिमण्यांचा एक थवा न्याहारीला उतरला तर साहेबांचा वर्षाचा अभ्यास त्यांच्या पोटात जायचा. शिवाय जंगल हाकेच्या अंतरावर. रात्री रानडुकरं, पहाटे चितळं, दिवसभर पोपट. बंदूक चालवायची नाही, फास लावायचा नाही. केंद्रानं लहानूला वाजवायला पत्र्याचा एक डबा दिला होता, पण डबा वाजवून पाखरं उडवणं म्हणजे लहानूच्या मते कुस्तीला काठी घेऊन जाण्यासारखं होतं. तो गळा वापरायचा. पोपटांसाठी तिखट आणि उंच, डुकरांसाठी बेंबीच्या खालून, चितळांसाठी दोन तुकड्यांत. शेजारच्यांच्या म्हशीसाठी वेगळी आरोळी होती, तिच्यात म्हशीच्या मालकाचंही नाव यायचं.

इतकी वर्षं असं केल्यावर व्हायचं तेच झालं. गळा त्याला विचारेनासा झाला. डोळ्यांना चार पाय किंवा दोन पंख दिसले, की आरोळी सुटून जायची आणि मग लहानूला कळायचं की आपण ओरडलो. शेजारच्या रामाजीच्या मुलीच्या लग्नात मांडवात अक्षता सांडल्या आणि त्या टिपायला चिमण्या उतरल्या. लहानू आहेर घेऊन शांतपणे बसला होता. पुढच्या क्षणी भटजी मंगलाष्टक विसरले आणि अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातून अंतरपाट सुटला. नवरानवरीनं एकमेकांना मुहूर्ताच्या आधीच पाहिलं. त्यांचा संसार चांगला चालला आहे, पण रामाजी लहानूशी अजून तोडून बोलतो.

आणि असा हा माणूस १९८४ च्या उन्हाळ्यात आपल्या बहिणीला वाघ दाखवायला निघाला.

बहीण म्हणजे अंजनाबाई. लहानूची आई लवकर गेली, तेव्हा या थोरल्या बहिणीनंच त्याला वाढवलं. आरमोरीकडच्या जंगलाला लागून असलेल्या खेड्यात तिला दिलं होतं. नवरा लटारू साधा, हसरा माणूस. एका उन्हाळ्यात पहाटे दोघं मोहफुलं वेचायला गेली. ती एका झाडाखाली, तो पलीकडच्या झाडाखाली, मध्ये झुडपांची दाट जाळी. लटारूला वाघानं नेलं. अंजनाबाईनं वाघ पाहिलाच नाही. तिनं पाहिली ती उपडी पडलेली टोपली आणि सांडलेली फुलं. गावातले जाणते म्हातारे तिला समजावत राहिले, की बाई, धरायला आलेला वाघ कशालाच ऐकत नाही, तिथं दहा माणसं असती तरी तेच झालं असतं. ते वाक्य धरून तिनं पुढची सगळी वर्षं काढली.

त्या भागात ज्याला त्याला वाघ दिसलेला होता. एसटीच्या ड्रायव्हरला दिसलेला, पोस्टमनला दिसलेला. गुरुजींना तर शाळेत यायला उशीर झाला की हमखास दिसायचा. जिचं सगळं त्यानं नेलं होतं, तिलाच तेवढा दिसला नव्हता.

त्या वर्षी तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की उजवा डोळा गेला तो गेला, डावाही फार दिवस टिकायचा नाही. नागपूरहून परतताना ती लहानूकडे उतरली, पाणी प्याली आणि म्हणाली, "लहानू, नजर हाये तवर मले एक डाव वाघ पाहू दे. लटारूनं शेवटी काय पाह्यलं, ते मले पाह्याचं हाये."

लहानूच्या बायकोनं, कमलानं, हातातली ताटली खाली ठेवली. 

अडचण एवढीच होती, की नुसता वाघ दिसून भागणार नव्हतं. अंजनाबाईचा डावा डोळा एखाद्या गोष्टीवर ठरायला वेळ लागे. गढूळ पाणी निवळायची वाट पाहावी तशी ती वाट पाही, आणि मग तिला दिसे. म्हणजे वाघ दिसायला हवा, थांबायला हवा आणि तोवर सगळ्यांनी गप्प राहायला हवं. यातल्या शेवटच्या अटीवर घरातल्या सगळ्यांनी लहानूकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

जीपची सोय कमलाचा भाऊ गुणवंतराव यानं केली. तो वडशाच्या एका राइस मिलमध्ये मॅनेजर होता. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि वडसा त्यात गेलं होतं. तेव्हापासून गुणवंतराव चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसांशी परदेशातून आल्यासारखा बोलत असे. थंडीत वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरत, तेव्हा हा त्यांच्यात खलनायकाचं काम करी. उन्हाळ्यातही त्याची सवय जात नसे. घरात चहा मागायचा तरी तो आधी तीन पावलं पुढं येई. सगळ्या सोयऱ्यांत लहानूची टिंगल करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता आणि तो मक्ता तो इमानानं चालवत होता.

रविवारी सकाळी मिलची जीप दाराशी आली. हरिदास ड्रायव्हर चाकावर, शेजारी गुणवंतराव, मागे लहानू, कमला, अंजनाबाई आणि लहानूची नववीतली मुलगी चंदा. कमलानं भाकरी आणि सुकटाची चटणी बांधून घेतली होती. गुणवंतरावानं वास घेतला आणि सांगितलं, की आता वाघ शोधायची गरज नाही, तोच विचारत विचारत येईल.

मूल गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला माकडं बसली होती. आरोळी सुटली. हरिदासनं इतक्या जोरात ब्रेक दाबला की भाकऱ्यांचं गाठोडं कमलाच्या मांडीवरून पुढं गेलं.

"भाऊजी," गुणवंतराव मागे वळून म्हणाला, "जंगल अजून आलंच नाई. हे माकडं पीडब्ल्यूडीचे होत."

लहानूनं माफी मागितली. तो खरोखर ओशाळला होता. चंदानं त्याच्या तोंडावर हात ठेवायचं काम आपल्याकडे घेतलं आणि चंद्रपूर मागे पडेपर्यंत ते नेटानं केलं.

ताडोबाच्या जंगलात शिरताना मोहर्लीच्या नाक्यावर देवराव नावाचा वनरक्षक वाटाड्या म्हणून जीपमध्ये चढला. कमी बोलणारा, उन्हानं रापलेला माणूस. फाटकातून आत शिरताच उजव्या हाताला चितळांचा कळप उभा होता. सकाळच्या उन्हात ठिपके चमकत होते, पाडसं आयांच्या पोटाखाली शिरत होती. बाईनं विचारलं, काय आहे. लहानू तिची हनुवटी धरून तिकडे वळवायला गेला, त्यानं स्वतः तिकडे पाहिलं, आणि दोन तुकड्यांतली ती आरोळी अख्ख्या जंगलानं ऐकली. जिथं कळप होता तिथं धूळ राहिली. पुढं रानगव्याचं तेच झालं, मोराचं तेच झालं. मोर तर उडताना अर्धा पिसारा विसरतो की काय असं वाटलं.

देवरावनं जीप थांबवली आणि लहानूला नीट न्याहाळलं.

"याले काई बिमारी हाये का?" त्यानं कमलाला विचारलं.

"बिमारी नाई," कमला म्हणाली, "नोकरी हाये."

मग सगळी हकीकत देवरावला सांगण्यात आली. वाफे, पोपट, डुकरं आणि त्यांच्यासोबत हळूच अंजनाबाईचीही. ती ऐकल्यावर त्यानं त्यांना बाहेर काढायचा विचार सोडून दिला, पण लहानूच्या तोंडात काहीतरी कोंबा असं बजावलं. गुणवंतरावानं खिशातून सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी काढली, तळहातावर घोटली आणि जवळजवळ सगळी लहानूच्या गालात भरली. तोंडात खर्रा असलेला माणूस बोलू शकत नाही हे आमच्या या धानाच्या मुलखात, झाडीपट्टीत, सगळ्यांना मान्य आहे. त्यामुळे निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत. लहानू जन्मात खर्रा न खाल्लेला माणूस. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, कान गरम झाले, आणि ताडोबाची झाडं त्याच्याभोवती सावकाश फिरू लागली. पण तो गप्प राहिला. त्या अवस्थेत त्याला एक सांबर, दोन रानकुत्री आणि अस्वलासारखं काहीतरी दिसलं. अस्वल इतर कुणालाच दिसलं नाही.

तळ्यावर पोहोचेपर्यंत त्याचा धीर संपला. त्यानं काठाला जाऊन थुंकलं, चूळ भरली, वर पाहिलं, तर पलीकडच्या वाळूवर मगर पडलेली. तोंड मोकळं होतं. पोपटांची आरोळी पाण्यावरून गेली आणि समोरच्या डोंगरावर आपटून परत आली.

मगर हलली नाही.

लहानूला हे नवीन होतं. त्याला राग आला. अपमान झाल्यासारखं वाटून त्यानं पुन्हा एकदा, या वेळी बेंबीच्या खालून, डुकरांची खास आरोळी दिली. मगरीचा एक डोळा उघडा होता, तो तिनं मिटून घेतला.

गुणवंतराव आनंदानं खाली बसला. भाऊजींनी आता पेन्शन घ्यावी, असं तो हसता हसता सांगत राहिला. सिंदेवाहीच्या धानावर एखादी मगर आली तर केंद्र बुडालंच समजा, म्हणाला. बाईनं विचारलं काय आहे, तेव्हा लहानूनं तिचा हात धरून तिला दाखवलं. तिनं पुष्कळ वेळ पाहिलं.

"मले तं लाकूड दिसते," ती म्हणाली.

"आमालेबी तसंच दिसते, बाई," देवराव म्हणाला.

जेवणं झाल्यावर देवरावनं सांगितलं, की आता डोंगराच्या पायथ्याच्या रस्त्यानं पाणवठ्यावर जाऊ. उन्हाळ्यात उतरत्या उन्हात वाघ तिथं येतो. काल आला होता, पाऊल ताजं आहे. मात्र या माणसाला विश्रामगृहाच्या ओट्यावर बसवून जायचं. लहानू लगेच कबूल झाला. तो ओट्यावर जाऊन बसलासुद्धा. पण बाई जीपमधून खाली उतरली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"लहानू नाई तं मीबी नाई. मले दाखवन कोन?"

कमला म्हणाली, मी दाखवीन. गुणवंतराव म्हणाला, मी दाखवीन. बाईनं मान हलवली. वाघाकडे बोट कुणीही करील, पण त्या डोळ्याला हळूहळू कसं न्यायचं, आधी मोठं झाड, मग खोड, मग बुंधा, मग त्याच्या डाव्या हाताला, हे लहानूलाच जमायचं. लहानपणी तिनं त्याला चंद्र दाखवला होता तो असाच, आधी कौलांचं छप्पर, मग बांबू, मग त्याच्यावर. शेवटी देवरावनं हात टेकले. लहानूचा दुसरा गाल खर्ऱ्यानं भरला गेला. शिवाय कमलानं त्याच्या तोंडावरून दुपट्टा बांधून मागे गाठ मारली. आता लहानू एखाद्या दरोडेखोरासारखा दिसू लागला आणि नाटकातला दरोडेखोर पुढच्या सीटवरून कौतुकानं त्याच्याकडे पाहू लागला.

पाणवठ्याजवळ जीप बंद करून सगळे बसून राहिले. एका बाजूला डोंगराची उतरण, दुसऱ्या बाजूला बांबूचं बेट, मध्ये थोडंसं पाणी. वारा पडला होता. कुठूनसा मोहाचा शेवटचा, आंबूस वास येत होता. बाईनं तो ओळखला असावा, कारण तिनं पदर नाकाला लावला. लहानूनं तिचा हात आपल्या हातात घट्ट धरला होता. आज आपल्याला एकच काम आहे, त्यानं स्वतःला बजावलं. आज आपण राखणदार नाही. आज इथलं काहीही राखायचं नाही.

वाघ कधी आला ते कुणालाच कळलं नाही. बांबूच्या कडेला नुसतं गवत होतं, आणि मग त्या गवतात वाघ होता. तो पाण्याशी आला, मागचे पाय आधी पाण्यात बुडवून सावकाश बसला. गुणवंतरावाचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच काही निघालं नाही.

लहानूनं बाईचा हात उचलला. मोठं झाड. खोड. तिची हनुवटी त्यानं दोन बोटांनी जरा खाली केली. बुंधा. आता डावीकडे. बाई पाहत होती. डोळा बारीक करून, ओठ दाबून, पाणी निवळायची वाट पाहत होती.

"पिवळं?" तिनं अगदी हळू विचारलं.

लहानूनं दुपट्ट्याच्या आतून नाही म्हटलं. ते गवत होतं. त्यानं तिचं बोट तसूभर सरकवलं. वाघ बसून होता. इतका निवांत, की जसा काही त्याला आजच्या कामाची कल्पना दिलेली होती. अजून थोडं, लहानू मनात म्हणत होता. फक्त अजून थोडं.

मग वाघ उठला. त्यानं जीपकडे पाहिलं आणि पाणी निथळत तो चालू लागला. पळून नाही, रागानंही नाही, आपल्या नेहमीच्या वाटेनं जावं तसा. त्याची नेहमीची वाट जीपच्या मागून जात होती, आणि त्या बाजूला उघड्या कडेशी अंजनाबाई बसली होती. तिचा चेहरा अजून झाडाच्या बुंध्याकडेच होता. तो आपल्याकडे येतो आहे हे जीपमध्ये एकट्या तिलाच दिसत नव्हतं.

देवराव पुढून हातानं खुणावत होता, की काही करत नाही तो, गप्प राहा, जाऊ द्या. लहानूला खूण दिसली. त्याला ती पटलीसुद्धा. त्यानं दात दाबले, डोळे मिटले. पण त्याच्याआधी डोळ्यांनी काय ते पाहून घेतलं होतं.

खर्रा, दुपट्टा, सगळं घेऊन आरोळी बाहेर पडली. ती पोपटांची नव्हती, डुकरांची नव्हती, लहानूनं ती याआधी कधी दिलेली नव्हती. वाघ जागच्या जागी दबला, वळला आणि एका झेपेत बांबूच्या बेटात शिरला. काही वेळ बांबू हलत राहिले. मग तेही थांबले.

लहानूच्या दुपट्ट्यावरून खर्ऱ्याचा लाल ओघळ खाली येत होता आणि तो पुसायचं त्याला सुचत नव्हतं. बहिणीचा हात अजून त्याच्या हातात होता. तिचं बोट अजून झाडाच्या डाव्या हाताला रोखलेलं होतं, जिथं आता काहीच नव्हतं.

"गेला का रे?" बाईनं विचारलं.

"गेला, बाई."

"मले नाई दिसला."

लहानूनं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. दिवसभर ज्या गळ्याला आवरता आवरेना, त्यातून आता शब्द निघेना. पण बाईनं त्याला दोष दिला नाही. ती वेगळाच काही विचार करत होती. तिनं हात सोडवून घेतला, मांडीवर ठेवला, आणि ज्या बाजूनं बांबू वाजले होते त्या बाजूला कान देऊन म्हणाली,

"एका आवाजानं जाते का तो?"

जीपमधल्या कुणालाच आधी नीट कळलं नाही. मग ती पुढं म्हणाली, "मीबी होती ना तिथी. जाळीच्या अल्याड. पाला वाजला तं मले वाटलं, कोनाचा बैल होय. मी गप्पच होती."

आता सगळ्यांना कळलं. इतकी वर्षं ती ज्या एका वाक्यावर उभी होती, ते तिच्या भावानं सगळ्यांच्या देखत एका दमात उडवून लावलं होतं. लहानूनं कमलाकडे पाहिलं, कमलानं देवरावकडे. देवराव जंगलाकडे पाहू लागला. होय म्हणावं तर बाई संपली. नाही म्हणावं तर सगळं जंगल अजून त्या आरोळीनं भरलेलं होतं.

तेव्हा गुणवंतराव हसला. रंगमंचावरचं ते गडगडाटी हसणं नव्हे, साधं, टिंगलीचं, सोयऱ्यांच्या बैठकीतलं.

"लहानूभाऊजीच्या आवाजानं वाघ जाते म्हन्ता, बाई? सकाळी ते मगर पाह्यली ना? तिच्यावर दोनदा वरडले हे. डोया मिटून झोपली ते. वाघाचं पानी पिऊन झालं होतं, तो निंघूनच राह्यला होता. यायनं उगाच त्याच्या पाठीमागं बोंब मारली."

"खरं होय," देवराव लगेच म्हणाला. "तो उठला तवाच जाऊन राह्यला होता."

"सिंदेवाहीच्या चिमण्या यायले भेत नाई," गुणवंतराव म्हणाला. "साहेब यायले कामावर ठेवते ते दया येते म्हून. हो का नाई, भाऊजी?"

लहानूनं तोंडावरचा दुपट्टा खाली ओढला. आपल्या गळ्याबद्दल जगात त्याला एकच अभिमान होता.

"हो," तो म्हणाला. "माह्या आवाजाले कोनीच भेत नाई, बाई."

गुणवंतरावानं पुढं कितीतरी थंड्या नाटकं केली, टाळ्याही घेतल्या, पण त्या दिवशी जीपच्या पुढच्या सीटवर त्यानं जो पार्ट केला, तसा त्याला पुन्हा जमला नाही. आणि त्या पार्टची त्यानं कुणापाशी कधी फुशारकीही मारली नाही. त्याच्या स्वभावाला हे फारच अवघड गेलं असणार.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. "मगरीनं नाई आयकलं, हे खरं हाये," एवढंच ती म्हणाली. परतीच्या वाटेवर चितळं दिसली, माकडं दिसली, पण जीपच्या मागच्या भागातून आवाज आला नाही. हरिदास सवयीनं प्रत्येक वेळी ब्रेकवर पाय ठेवत होता.

बाई त्यानंतर काही दिवस लहानूकडे राहिली. सकाळी ती त्याच्याबरोबर केंद्रात यायची आणि उन्हाळी धानाच्या बांधावर आंब्याच्या सावलीत बसायची. पहिल्याच दिवशी चिमण्यांचा मोठा थवा वाफ्यांवर उतरला. लहानूनं छाती भरून घेतली, आणि सावलीतल्या बहिणीकडे नजर गेल्यावर तशीच रिकामी केली. मग तो खोपीत गेला, गंजलेला पत्र्याचा डबा शोधून आणला आणि काडीनं वाजवू लागला. साहेबांनी लांबून विचारलं, घसा बसला का. लहानूनं मान हलवली.

डब्याच्या आवाजानं चिमण्या उठल्या. पंखांची भर्र बांधावरून गेली ती बाईच्याही कानांवर पडलीच असणार. तिनं डोकं वर केलं.

"गेल्या का रे, लहानू?"

लहानूनं रिकाम्या वाफ्यांकडे पाहिलं.

"नाई, बाई. बसूनच हायेत."

बाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "मंग वाजव," ती म्हणाली.

आणि धानात एकही पाखरू नसताना लहानू पुष्कळ वेळ डबा वाजवत राहिला.